आधी बोलला त्याचा पत्ता

मी बोलतोय. इकडे, वर बघा. कपाटाच्या डोक्यावर, खिळ्याला टांगलेला, दोन शिंगांचा काळा डबा. राऊटर म्हणतात मला. तुम्ही "वायफाय" म्हणता, कोणी "नेटचा डबा" म्हणतं, आणि आमचे चांगदेवशेठ मला "ते लुकलुकतंय ते" म्हणतात. म्हणा बापडे. ज्याच्या जिवावर दिवसभर तुमचा धंदा चालतो, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक असावं अशी माझी अपेक्षाच नाही.

मी राहतो भिवंडीत, नारपोलीच्या पुढे, गोदामांच्या एका कंपाउंडात. इथे एके काळी भाताची खाचरं होती म्हणे. आता पत्र्याचे गाळे आहेत आणि ट्रक आहेत. जमीन चांगदेवशेठच्या घराण्याची, गाळे त्यांचेच. खाली गाळ्यात पार्सलं येतात आणि जातात, आणि वर माळ्यावर ऑफिस आहे. मी त्या ऑफिसात.

माझा जन्म कुठे झाला ते मला विचारू नका. मला आठवतो फक्त खोक्यातला अंधार. डोळे उघडले ते भाविकच्या हातात. भाविक म्हणजे शेठचा भाचा. त्याने कम्प्युटरचा कुठला तरी कोर्स केलाय आणि तेव्हापासून गळ्यात पेनड्राइव्ह घालून फिरतो. माझ्याबरोबर खोक्यात माहितीचं एक पुस्तक आलं होतं. ते त्याने उघडलं, त्यावर वडापाव ठेवला, खाल्ला, आणि पुस्तकाला हात पुसून ते टाकून दिलं. त्याच दिवशी मला कळलं की आपलं इथे काय होणार आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. सकाळी कम्प्युटर चालू झाला की त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. हसू नका, खरंच नसतो. मग तो तारेवर मोठ्याने ओरडतो, "अरे, आहे का कोणी? मला पत्ता देता का?" कोणाचं नाव घेऊन नाही, सगळ्यांनाच ओरडतो, कारण कोणाला विचारायचं हेही त्याला कळत नाही. मी म्हणतो, "हा घे, हा रिकामा आहे." तो म्हणतो, "मग हा मी घेतला हां." मी म्हणतो, "घेतलास. आता तो तुझा." झालं. तुमच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. तुम्हाला वाटतं, नेट आपोआप आलं. आपोआप! या जगात आपोआप फक्त धूळ बसते.

पत्त्याबरोबर मी आणखी सांगतो की बाहेर जायचं गेट कुठलं. भिवंडीच्या माणसाला हे समजवायला नको. गाळा नंबर नसेल तर ट्रकवाला माल टाकणार कुठे? आणि गेट चुकीचं सांगितलं तर ट्रक कंपाउंडातच गोल गोल फिरत बसेल. शिवाय हा पत्ता भाड्याचा. मुदत संपायच्या आधी येऊन वाढवून घ्यायची, नाहीतर मी तो दुसऱ्याला द्यायला मोकळा. इथले सगळे गाळे असेच तर चालतात.

कम्प्युटरांच्या जातीत एक मोठा दोष आहे. जो आधी उत्तर देईल त्याचंच ते खरं मानतात. "तू कोण? तुला इथे कोणी नेमलं?" असं काही विचारायची पद्धत त्यांच्यात नाही. पहिला आवाज आला की मान डोलावली. मला आधी वाटायचं की ही खोड फक्त यंत्रांना आहे. नंतर मी माणसं जवळून पाहिली.

माणसं म्हणजे काय सांगू! नेट हळू झालं की माझी शिंगं पिरगाळतात. अजून हळू झालं की टपली मारतात. भाविकने तर पावसात भिजलेली टोपी वाळत घालायला माझं एक शिंग कायमचं धरलंय. शेठच्या घरी लग्नाची हळद असली की दहा जण फोन घेऊन माझ्याखाली उभे राहतात, डीजेचे व्हिडिओ पाठवतात, आणि वरून म्हणतात, "काय भंगार आहे हे!"

एकच मुलगी मला कधी टपली मारत नव्हती. रोशनी.

रोशनी डोंगरावरच्या पाड्यातली. तिची आई कमळी खाली गाळ्यात पार्सलांना टेप मारते. रोशनी पण आधी खालीच टेप मारायची. मग बारावी झाली, क्लास लावून कम्प्युटर शिकली. ऑफिसात येणाऱ्या मालाची एन्ट्री करणारी मृणाली म्हणून एक जुनी मुलगी आहे, तिने शब्द टाकला, आणि शेठनी रोशनीला वर खुर्ची दिली. काम काय, तर जाणाऱ्या पार्सलांची ऑनलाइन एन्ट्री करायची आणि लेबलं छापायची. अट एकच. "दिवाळीपर्यंत बघू," शेठ म्हणाले. "जमलं तर पक्की. न्हाय जमलं तर परत खाली."

आणि तिला जमत होतं हो! हात चालत होता, गाड्या वेळेवर सुटत होत्या. दुपारी डबा खायला ती जिन्यात आईजवळ जाऊन बसायची, तेव्हा कमळी तिच्या ताटलीत आधी वाढायची. वर बसणाऱ्या पोरीचा मान होता तो. दिवाळी जवळ येत होती आणि मला खात्री होती की ही खुर्ची तिचीच.

मग आली खंडेनवमी. या दिवशी यंत्रांची पूजा करतात. वर्षभर लाथा घालायच्या आणि एक दिवस हळदकुंकू लावायचं, ही यांची रीत. तर त्या दिवशी प्रत्येकाने आपापली मशीन पुसली. रोशनीनेही पुसली, सुक्या फडक्याने, अगदी बटणांच्या फटीसुद्धा. मग शेठच्या आई आल्या, हातात झेंडूचं ताट घेऊन. त्यांना सगळे आक्का म्हणतात, शेठही. आक्कांनी माझ्या नेमक्या दिव्यावरच कुंकू लावलं. ठीक आहे, श्रद्धा आहे.

पण आक्का तिथेच थांबल्या नाहीत. "तो म्हातारा कुठं हाय?" त्या म्हणाल्या. "पयला आलेला? त्याला पन आना."

म्हातारा म्हणजे माझ्या आधीचा राऊटर. इथे फक्त पत्र्याची केबिन होती तेव्हाचा. पहिला गाळा भाड्याने गेला त्या दिवशी आक्कांनी त्याला नारळ फोडला होता. त्याला काढून कपाटात टाकलं आणि त्याच्या जागी मला आणलं. इंटरनेटची बाहेरून येणारी तार आता माझ्याकडे आहे, त्याच्याकडे काहीच नाही. भाविकने त्याला कपाटातून काढला आणि रोशनीच्या टेबलावर पाटावर बसवला. फुलं वाहिली. इथपर्यंतही ठीक होतं.

"पूजेला बसवला आन् डोले मिटून ठेवताव काय त्याला?" आक्का म्हणाल्या. "पेटू दे त्याचा दिवा."

भाविकने त्याला वीज दिली. एक दिवा लागला.

"एकच? त्या भिंतीवरल्याचे बघ कसे लुकलुकतान. याचे पन लुकलुकू दे."

आता बघा आमच्या तज्ज्ञाची करामत. रोशनीच्या टेबलावर एक छोटा डबा आहे, माझ्याकडून निघालेली तार त्यात येते आणि त्यातून तिच्या कम्प्युटरला जाते. भाविकने एक मोकळी तार घेतली, तिचं एक टोक म्हाताऱ्याच्या पाठीत आणि दुसरं त्या छोट्या डब्यात खुपसलं. म्हाताऱ्याचे दिवे लुकलुकायला लागले. आक्का खूश. त्यांनी हात जोडले. भाविक खोबरं खायला निघून गेला, आणि ती तार त्याच्या डोक्यातून तिथेच गेली.

घोळ झाला तो इथेच. कारण म्हाताऱ्याकडे बाहेरचा रस्ता उरला नसला, तरी पत्ते वाटायची त्याची खोड गेलेली नव्हती. आता ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे झाले होते, आणि त्यातला एक खोटारडा. खोटारडा म्हणजे तसा बिचारा. त्याला वाटत होतं की केबिन अजून त्याचीच आहे.

दसऱ्याची सुट्टी संपली. रोशनी आली, पाया पडून मशीन चालू केली. तिचा कम्प्युटर ओरडला, "आहे का कोणी? पत्ता देता का?" मी तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलला. तो तिच्या टेबलावरच बसलेला, त्याचा आवाज आधी पोचला. "हा घे पत्ता," तो म्हणाला. "आणि गेट मीच."

"अरे म्हाताऱ्या, तुझ्यामागे रस्ता कुठे आहे!" मी ओरडलो. कोण ऐकतो? कम्प्युटरने मान डोलावली, तो पत्ता घेतला, आणि सगळा माल त्या बंद गेटावर नेऊन उभा केला. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळं चिन्ह आलं. नेट नाही.

मृणालीची तार सरळ माझ्याकडे येते, तिला मी आधी उत्तर दिलं, तिचं चालू. शेठच्या कम्प्युटरला भाविकने पूर्वीच हाताने पत्ता लिहून ठेवलाय, तो कोणाला विचारतच नाही, त्याचंही चालू. बंद फक्त रोशनीचं.

"भाविकदादा, माझं नेट येत नाहीये," ती म्हणाली.

"येत नाही म्हणजे? मृणालीचं येतंय, मामाचं येतंय. मग तुझंच कसं येत नाही?"

प्रश्न लाख मोलाचा होता. याचं उत्तर शोधलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण भाविकने तो प्रश्न शोधायला विचारलाच नव्हता, तिला गप्प करायला विचारला होता.

मग त्याने त्याला येणारा एकमेव उपाय केला. माझी वीज काढली आणि परत लावली. अहो, मला उठायला वेळ लागतो. मी डोळे चोळतोय तोवर मृणालीच्या मशीननेही ओरडून घेतलं, आणि म्हातारा तिथेच टपलेला. तिलाही त्याने पत्ता देऊन टाकला. दोघींचंही नेट गेलं.

"कंपनीकडूनच प्रॉब्लेम आहे," भाविक लगेच म्हणाला. सगळे चहाला गेले. कोणी कोणाला काही बोललं नाही, अगदी हसतखेळत चहा झाला. परत आल्यावर त्याने पुन्हा माझी वीज काढली. या वेळी मृणालीला मी आधी गाठलं, तिचं सुरू झालं, आणि रोशनीचं पुन्हा तसंच. बघा गंमत. दोघींचं गेलं तेव्हा चूक कंपनीची होती. एकटीचं गेलं की चूक तिची.

"सुट्टीच्या आधी चालत होतं ना?" भाविकने विचारलं.

"हो दादा. खंडेनवमीला पुसून बंद केलं, तोपर्यंत चांगलं चालत होतं."

"पुसलंस? कशाने?"

"फडक्याने."

"ओल्या?"

"नाही, सुकं होतं."

"सुकं म्हणजे थोडं तरी ओलं असणारच." आणि शेठच्या केबिनकडे तोंड करून मोठ्याने, "मामा, हिने मशीनमध्ये पाणी घातलंय!"

अरे, पुसलं तर सगळ्यांनीच होतं! तू तुझा लॅपटॉप ओल्या रुमालाने पुसलास, मी बघत होतो! पण पोरीने खरं सांगितलं, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी भाविकच्या फोनला पत्ताच देऊ नये असं वाटलं. पण मला तसं करता येत नाही. मागणाऱ्याला द्यायचा, एवढंच माझ्यात भरलंय.

मृणालीने एकदा रोशनीच्या खुर्चीवर स्वतः बसून बघितलं. तिलाही नेट मिळालं नाही. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण ऑफिसात ते कोणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाविक नवी विद्या घेऊन आला. म्हणाला, "पत्ता हातानेच टाकतो." मला वाटलं, चला, अक्कल आली. पण त्याला पाठ असलेला पत्ता एकच होता, शेठच्या कम्प्युटरचा. तोच त्याने रोशनीच्या मशीनवर टाकला. एकाच गाळा नंबरच्या पाट्या दोन गाळ्यांवर! एक पार्सल इकडे, एक तिकडे. केबिनमध्ये शेठ कॅमेऱ्यात गाळा बघत बसले होते, त्यांचा पडदा काळा झाला.

"अरं, माझं कोनी बंद केलं?" शेठ ओरडले.

"मामा, रोशनीच्या मशीनमुळे," भाविक म्हणाला. त्याने घाईघाईने पहिल्यासारखं करून ठेवलं, आणि आपण काय केलं होतं ते गिळून टाकलं.

खाली गाडी उभी होती. ड्रायव्हर जिन्यातून ओरडत होता, "मॅडम, लेबल कब मिलेगा? आज निकलना है के नहीं?" मृणाली आपलं काम सोडून रोशनीची लेबलं छापत होती. रोशनी तिच्या मागे उभी राहून नंबर वाचून दाखवत होती.

संध्याकाळी शेठनी तिला बोलावलं. ते काही वाईट माणूस नाहीत, रागावलेसुद्धा नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला. "पोरी, तुझ्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पन गाडी थांबली का पार्टी मला फोन करते, तुला न्हाय. मशीन नाजूक असतान. सगल्यांच्या हाताला मानवत न्हाईत. उद्यापासून आईसंगं खाली ये."

सगळ्यांच्या हाताला मानवत नाहीत! डोंगरावरच्या पोरीचा हात म्हणजे काय वेगळ्या मातीचा आहे? तोच हात दिवाळीपर्यंत पक्का होणार होता ना? मृणालीने मान खाली घालून बटणांकडे बघितलं. भाविक फोनमध्ये होता.

जिन्याच्या दाराशी कमळी उभी होती. "काय केलंस गो?" तिने विचारलं.

"काय न्हाय केलं आये."

"काय न्हाय केलं, मंग शेठ उगाच बोलंल?"

रोशनी आपली पिशवी घेऊन खाली गेली.

दुसऱ्या सकाळी आक्का वर आल्या, सहज. रोशनीच्या टेबलावर झेंडू वाळून काळा पडलेला. "अरं देवा," त्या म्हणाल्या, "याची पूजा उतरवलीच न्हाय? कवाचा ताटकलत ठेवलाय म्हाताऱ्याला!" त्यांनी फुलं काढली, अक्षता टाकल्या, म्हाताऱ्याच्या दोन्ही तारा ओढून काढल्या, त्याला पदराने पुसलं आणि कपाटात नेऊन ठेवलं. जाताना त्याच्या अंगावरून हात फिरवला. इतक्या प्रेमाने या ऑफिसात मला कोणी हात लावलेला नाही, पण ते असो.

मग भाविकने मृणालीला रोशनीच्या खुर्चीवर बसवलं. मशीन चालू झाली. "आहे का कोणी? पत्ता देता का?" बोलणारा आता मी एकटाच. मी पत्ता दिला, खरं गेट सांगितलं. क्षणात नेट सुरू.

"बघा मामा!" भाविकने टाळी वाजवली. "मी काय सांगत होतो? हात बदलला आणि चालू झालं."

"पण परवा मीच बसले होते ना इथे," मृणाली हळूच म्हणाली. "तेव्हा नव्हतं चालत."

"तेव्हा ओलं होतं. आता सुकलं."

शेठनी मान डोलावली. संपलं. ज्या दिवशी पोरगी खाली गेली त्याच दिवशी मशीन चालली, याहून मोठा पुरावा माणसांना लागत नाही. म्हातारा कपाटात गेला हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. आणि डोळे कशासाठी असतात हे या ऑफिसाला कोण सांगणार?

दिवाळी होऊन गेली. मी अजून इथेच आहे. एक शिंग वाकलंय, दिव्यावरचं कुंकू कोणी पुसलेलं नाही. वाचणाऱ्या बाबांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या तुमच्या ऑफिसात कोणा एकीचीच मशीन बंद पडली, तर तिच्या हातांकडे बघू नका. मशीनला विचारा, "तुला पत्ता कोणी दिला?" ती सांगते हो. पडद्यावर सरळ लिहून दाखवते, अगदी भाविकलाही वाचता येईल इतकं सोपं. एकदा विचारलं असतं तर ती पोर आज वर असती.

आज सकाळी ती वर आली होती, लेबलं न्यायला. जुन्या सवयीने शेठ हसून म्हणाले, "काय रोशनी, बरं हाय ना? तुझी मशीन बघ, आता कशी पलते."

"बरंच झालं ना शेठ," ती म्हणाली. "माझ्याच हाताला काय तरी असंल."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी नाचलो असतो. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण ती खरंच तसं समजून बोलली. मी वरून ओरडत होतो, "नाही गं पोरी, नाही!" माझे सगळे दिवे लुकलुकत होते. भाविकने वर बघितलं आणि म्हणाला, "आज नेट जोरात आहे."

लेबलांची पट्टी छापून यंत्राच्या तोंडाशी लोंबत होती. हात पुढे करून फाडायची, एवढंच काम. रोशनीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मृणालीताई," ती म्हणाली, "तुम्हीच फाडून द्या. मी हात नाही लावत."